कोटावरून चाललेली दोन गायनमंडळे

वचनाधार : नहेम्या १२ : २७–४३



नहेम्याच्या पुस्तकातील बाराव्या अध्यायाचे वाचन आपल्या उपासनांत क्वचितच होते, आणि ह्याचे कारण उघड आहे. तो अध्याय नावांनी भरलेला आहे. याजकांची नावे, लेव्यांची नावे, वेशींची व बुरुजांची नावे. वाचणारा मास्तर अडखळतो आणि ऐकणारा जांभया देतो. मीही सेमिनरीत असताना हा अध्याय परीक्षेपुरता वाचिला व पुढे कित्येक वर्षे त्याच्याकडे वळून पाहिले नाही. परंतु आपल्या भागातील मंडळ्यांच्या गायनमंडळांनी येत्या सुगीनंतर एके ठिकाणी जमावे आणि सारा दिवस देवाच्या स्तवनात घालवावा, असा विचार पंचांच्या सभेत निघाला, तेव्हा ह्या अध्यायाची मला आठवण झाली. वाचून पाहतो तो हा अध्याय जणू आपणा खेडेगावच्या लोकांकरिताच लिहून ठेविला आहे असे मला दिसले.

प्रसंग असा आहे. बंदिवासातून परत आलेल्या लोकांनी यरुशलेमेचा पडलेला कोट बावन्न दिवसांत पुन्हा उभा केला होता. बांधकाम चालू असताना शत्रूंनी त्यांची पुष्कळ थट्टा केली. अम्मोनी तोबीया तर म्हणाला होता की ह्या कोटावर एखादा कोल्हा चढला तरी तो ढासळेल. आता अर्पणाचा दिवस उजाडला. नहेम्याने काय करावे? त्याने तोबीयाला उत्तरादाखल पत्र लिहिले नाही. त्याने उपकारस्तुती गाणाऱ्यांची दोन मोठी मंडळे केली आणि त्यांना त्याच कोटावर चढविले. ज्याच्यावर कोल्ह्याचे ओझे पेलणार नाही असे लोक म्हणत होते, त्याच्यावरून शेकडो माणसे झांजा, सतारी व वीणा वाजवीत चालली.

परंतु हे गाणारे आले कोठून? येथे लेखक जे सांगतो ते माझ्या मनाला फार लागले. ते राजवाड्यातून आले नाहीत. ते नटोफाथ्यांच्या खेड्यांतून आले, बेथ-गिलगालातून आले, गेबा व अजमावेथ ह्यांच्या शेतांतून आले. गाणाऱ्या लोकांनी शहराच्या आसपास स्वतःकरिता खेडी वसवून तेथे बिऱ्हाड केले होते, असेही तो नमूद करितो. म्हणजे त्या दिवशी कोटावर जो आवाज घुमला, तो नांगर सोडून, गुरे शेजाऱ्याच्या हवाली करून, धुळीच्या पायांनी आलेल्या माणसांचा होता. त्या लोकांचे आडगाव व आपले आडगाव ह्यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

आता मंडळांची चाल पाहा. एक मंडळ उजवीकडे उकिरडावेशीच्या दिशेने निघाले. त्याच्या पुढे शास्त्री एज्रा चालला होता. दुसरे डावीकडून, भट्ट्यांच्या बुरुजावरून, मत्स्यवेशीवरून, मेंढेवेशीकडे गेले. आणि नहेम्या त्या मंडळाच्या मागे चालला. तो अधिपती होता. सारे काम त्याच्या खटपटीने झालेले. तरी तो मागे. गायनमंडळाच्या पुढे उभे राहण्याची ज्यांना फार आवड असते (आणि आम्हा पाळकांत ही आवड थोडीथोडकी नाही), त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. दोन्ही मंडळे दोन दिशांना गेली, दोन वाटांनी चालली. परंतु देवाच्या मंदिरात ती येऊन एकत्र उभी राहिली. तेव्हा इतका मोठा आनंद झाला की स्त्रिया व मुलेदेखील हर्ष करू लागली आणि तो हर्ष दूरवर ऐकू गेला.

ह्या ठिकाणी मला माझ्या एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

कित्येक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका भागात काम करीत असताना तेथील आठ मंडळ्यांची गायनमंडळे मी एकत्र बोलाविली होती. हेतू चांगला होता. परंतु उत्साह वाढावा म्हणून मी गाण्याची स्पर्धा ठेविली. पहिल्या येणाऱ्या मंडळास ढाल, दुसऱ्यास टाळांचा जोड. परीक्षक तिघे होते व त्यांपैकी एक मी. पावसाचे दिवस होते. एका दूरच्या वस्तीचे लोक ओढा ओलांडून, मृदंग डोक्यावर घेऊन आले. ओलाव्याने मृदंगाचे कातडे सैल पडले होते व डाव्या पुडीची कणीक ओली होऊन निघाली होती. त्यांच्या म्होरक्याने मला विनंती केली की थोडा विस्तव मिळावा, मृदंग शेकून जुळवून घेतो, मग गातो. मी घड्याळ पाहिले. आधीच उशीर झाला होता. मी म्हणालो, "वेळ सर्वांना सारखा आहे." ते तसेच उभे राहिले व तसेच गाइले. मृदंग बोलला नाही, गाणे पडले, आणि मी माझ्या कागदावर त्यांचे गुण कापिले.

ते लोक जेवणास थांबले नाहीत. त्यानंतर दोन सुग्या गेल्या, तरी त्यांच्या मंदिरात मृदंग खुंटीवरच टांगलेला राहिला. मी शेवटी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा तो म्होरक्या, वयाने माझ्या वडिलांच्या जागी असलेला गृहस्थ, रागावला नाही. तो इतकेच म्हणाला, "पाळकसाहेब, आम्ही देवाला ऐकवायला आलो होतो. तुम्ही मधे बसलात." मी त्याची क्षमा मागितली. ढाल जिंकलेल्या मंडळीचे काय झाले हेही सांगून टाकितो : ती ढाल कोणाच्या घरी ठेवावी ह्यावरून त्यांच्यात तंटा झाला.

ह्यानंतर मी शोध करू लागलो की इतर ठिकाणच्या खेड्यांतील व लहान गावांतील मंडळ्या हे काम कसे करितात. तेव्हा वेल्स देशाची हकीकत माझ्या वाचनात आली. तेथे गायनाच्या स्पर्धा फार जुन्या आहेत, आणि गायनमंडळांतील चुरसही प्रसिद्ध आहे. परंतु त्याच देशात दुसरी एक रीत आहे, तिला ते लोक 'कमान्वा गानी' म्हणतात. म्हणजे गाण्याची सभा. जॉन रॉबर्ट्स नावाचे एक गृहस्थ होते, त्यांना लोक इयुआन ग्विल्ट ह्या नावाने ओळखीत. त्यांनी १८५९ साली मंडळीने गावयाच्या चालींचे एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच साली अ‍ॅबरडेर ह्या गावी अशी गाण्याची सभा भरविली. तो प्रांत कोळशाच्या खाणींचा व लोखंडाच्या भट्ट्यांचा. गाणारे मजूर होते. पुष्कळांना पाच रेघांवर लिहिलेली विलायती स्वरलिपी वाचता येत नव्हती. म्हणून जॉन कर्वेन नावाच्या एका इंग्रज पाळकाने प्रसारिलेली अक्षरांची सोपी पद्धत ते शिकले. नॉर्विच येथे मुलांस गाणे शिकविणाऱ्या सॅरा ग्लोव्हर ह्या बाईंच्या पद्धतीवरून कर्वेन ह्यांनी ती घेतली होती. आपल्या सा रे ग म प्रमाणेच तीत प्रत्येक स्वरास एक अक्षर असते. ह्या अक्षरांच्या साहाय्याने खाणीतला मनुष्य रात्री दिव्यापुढे बसून आपला भाग पाठ करी. कित्येक मंडळ्या तीच गीते महिनोन्महिने आपापल्या मंदिरांत शिकत आणि नेमिल्या दिवशी एके ठिकाणी जमून ती सर्व मिळून गात. तेथे कोणी पहिला नाही व कोणी शेवटला नाही. गुण देणारा नाही. गाणारे आणि ऐकणारे असे दोन वर्गही नाहीत, कारण जो आला तो गातोच.

हीच रीत त्या देशाच्या मिशनऱ्यांनी आपल्या हिंदुस्थानातही आणिली. टॉमस जोन्स १८४१ साली खासी डोंगरांत चेरापुंजीस आले. पुढे मिझो डोंगरांतही वेल्सचे लोक गेले. तेथील ख्रिस्ती लोक आजही त्या अक्षरांवरून गातात.

हे मी एवढ्याकरिता सांगत नाही की आपणही विलायती चार स्वरांत गावे. आपली वाट निराळी आहे, आणि ती आपल्या वडिलांनी चांगली आखून दिली आहे. प्रारंभीच्या काळात इंग्रजी गीते मराठीत उतरवून त्यांच्याच चालींवर म्हणत. त्या चालींत मराठी शब्दांची ओढाताण होई. ऱ्हस्वाचे दीर्घ व दीर्घाचे ऱ्हस्व होऊन अर्थ कोठल्या कोठे जाई. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ साली ते प्रभूजवळ गेले. त्या चोवीस वर्षांत त्यांनी आपल्या मंडळ्यांच्या तोंडी अभंग व भजने घातली, जी टाळमृदंगावर, शेताच्या बांधावर, गाडीच्या साटीवर बसूनही म्हणता येतात. ज्याला अक्षर येत नाही अशा माणसालाही ती दोनदा ऐकून पाठ होतात. आपल्या मेळ्यात सर्वांनी एक चाल, एक सूर, एका तालात गावे. एवढे साधले तरी पुष्कळ.

पण 'एक चाल' म्हणताच आपल्या भागातील जुने दुखणे वर येते! एकच भजन नदीच्या अलीकडे एका चालीवर म्हणतात व पलीकडे दुसऱ्या. आमची चाल टिळकांच्या वेळची, तुमची मागाहून कोणी बसविली. आमची शुद्ध, तुमची नाटकी. असे वाद मी इतके ऐकिले आहेत की त्यांवरून माणसे एकमेकांच्या मंदिरात जात नाहीत. ह्या पावसाळ्यात एके दिवशी मी नदीकाठच्या वाटेने जात होतो. एका शेतात निंदणीस दोन्ही गावच्या बाया लागल्या होत्या. एकीने भजन उचलले, ते अलीकडच्या चालीवर. पुढच्या कडव्याला दुसरीने पलीकडची चाल धरिली, आणि सर्व बाया तीवरही तितक्याच सहज म्हणू लागल्या. मी थांबून ऐकिले. पुरुषांनी ज्या चालींवरून अबोला धरिला होता, त्या दोन्ही चाली त्यांच्याच बायकांना कधीच्या पाठ होत्या. तेव्हा आमच्या पंचांनी असे ठरविले आहे की मेळ्यात ते भजन दोन्ही चालींवर म्हणावे. आणि पहिले कडवे कोणाच्या चालीचे, हे चिठ्ठी टाकून ठरवावे.

चिठ्ठीचे ऐकून कोणी हसू नये. दाविदाच्या काळी मंदिराच्या सेवेकरिता गाणारे नेमिले, तेव्हा आसाफाचे चार, यदूथूनाचे सहा व हेमानाचे चौदा पुत्र, अशा चोवीस घराण्यांच्या चोवीस पाळ्या झाल्या, आणि दर पाळीत बारा. एकूण दोनशे अठ्ठ्याऐंशी. ह्यांच्या पाळ्या मानपानावरून लागल्या नाहीत. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय काढून पाहा : तेथे लहानथोर, गुरुशिष्य असा भेद न करिता सर्वांनी सारख्या चिठ्ठ्या टाकिल्या.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. ती काहींना कडू लागेल.

पंचांच्या सभेत मेळ्याची सर्व व्यवस्था ठरली. मांडव कोठे, बैठक कशी, गीते कोणती; कशाबद्दलही मतभेद नव्हता. मग जेवणाची गोष्ट निघाली. तेव्हा एका वडिलांनी सुचविले की प्रत्येक मंडळीने आपली भाकर बांधून आणावी व आपापल्या झाडाखाली बसून खावी. ते सोयीचे पडेल. दुसऱ्यांनी लगेच मान हालविली. मी विचारिले, कोणाची सोय? कोणी उत्तर दिले नाही. परंतु आम्हा सर्वांस उत्तर ठाऊक होते. आपल्यांपैकी काहींचे आजे एका वाड्यातून आले, काहींचे दुसऱ्या वाड्यातून. गावकऱ्यांनी त्या दोन्ही वाड्यांना वेशीबाहेर ठेविले होते. एकाच विहिरीवरून दोघांनाही हाकलिले होते. तरी त्या दोन वाड्यांनीही आपसांत एक वेस बांधिली होती. ती वेस आम्ही बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडविली असे म्हणतो. प्रभुभोजनाची भाकर एका ताटातून घेतो. आणि ज्वारीची भाकर एका तव्यावरची खाण्याची वेळ आली की 'सोय' आठवते.

बंधूंनो, अशा स्थितीत आपण एका सुरात गाइलो तर देव ते ऐकेल काय? आमोस संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात प्रभू आपल्या लोकांना सांगतो की तुमच्या गाण्यांचा गलबला माझ्यापासून दूर न्या, तुमच्या वीणा मी ऐकणार नाही. त्या लोकांचे गाणे बेसूर होते म्हणून नव्हे. त्यांचे वादन उत्तम असेल, त्यांची पाठांतरे चोख असतील. परंतु वेशीत न्याय नव्हता, आणि न्याय नसेल तेथे त्याला गाणे नको होते. आमच्यांतही आम्ही शंभर टाळ एका ठेक्यावर वाजवू. परंतु त्यांच्या आवाजाखाली झाकलेली ही एक गोष्ट त्याच्या कानापासून झाकलेली राहणार नाही. कोणी म्हणेल, पाळकसाहेब, गाण्याच्या कामात जेवणाचे कशाला आणिता? मी म्हणतो, ते मी आणिले नाही. ते आधीपासूनच मांडवात बसलेले आहे. प्रभूनेच सांगून ठेविले आहे की वेदीपाशी अर्पण आणिले असता भावाचे मन आपल्याविषयी कलुषित आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे व आधी समेट करावा. आपले अर्पण गाणे आहे. समेट होईपर्यंत ते वेदीपाशी थांबले तरी चालेल.

त्या सभेत दोन घटका कोणी बोलले नाही. मग ज्यांनी भाकर बांधून आणण्याचे सुचविले होते, त्याच वडिलांनी विचारिले की मोठे पातेले कोणाकडे आहे. मी ह्याचा अधिक अर्थ काढू इच्छीत नाही. त्यांच्या मनात काय झाले ते त्यांचे त्यांना व देवाला ठाऊक. ठरले ते असे की एकच चूल मांडावी, दोन्हीकडच्या बायांनी मिळून रांधावे आणि पंगत गाण्याच्या आधी बसवावी. गाण्यानंतर नव्हे. ज्यांना पंगतीस बसणे अजून जड वाटते त्यांच्यावर कोणी हसू नये, त्यांना कोणी मांडवाबाहेरही काढू नये; परंतु त्यांच्याकरिता निराळी पंगत मांडिली जाणार नाही.

उपदेशक व मास्तर ह्यांस थोडे सांगतो, कारण तयारीचे ओझे त्यांच्यावर आहे. गीते आठच घ्या, पण पूर्ण पाठ करून घ्या. पुस्तकात डोके घालून गाणारा मनुष्य शेजाऱ्याचा आवाज ऐकत नाही. रोज संध्याकाळी अर्धी घटका पुरे. रविवारी उपासनेनंतर दोन तास बसविले तर लोक कंटाळतात. चाल मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून एकमेकांस पाठविता येते, हा मोठा लाभ आहे. पण भजन म्हणावयाचे ते माणसांनीच, यंत्र लावून त्याच्यामागे गुणगुणावयाचे नाही. पेटीवाल्याने पेटी इतकी जोराने वाजवू नये की शब्द बुडतील. ध्वनिक्षेपकाबद्दलही तेच. आणि एक विशेष विनंती : ज्यांचा गळा चांगला नाही अशांना मागे बसवून 'तुम्ही नुसते ओठ हालवा' असे सांगू नका. मी स्वतः लहानपणी हे ऐकिले आहे. तसे ऐकलेला मनुष्य मंदिरात पुन्हा मोकळ्या मनाने तोंड उघडीत नाही. यरुशलेमेत लेकरांचा हर्षही दूरवर ऐकू गेला, असे लिहिले आहे. लेकरे काही सुरात ओरडत नसतील.

शेवटी खर्चाची गोष्ट आहे, आणि तीही त्याच पुस्तकात आहे. कोटाचे अर्पण झाले, गाणे झाले, आनंद झाला. पुढे नहेम्या राजाकडे परत गेला. काही काळाने तो पुन्हा यरुशलेमेस येऊन पाहतो तर मंदिर ओस. गाणारे कोठे गेले? ते आपापल्या शेतांना पळाले होते, कारण त्यांचा ठरलेला वाटा कोणी त्यांना दिलाच नव्हता. हे तेराव्या अध्यायात आहे. तोबीयाच्या थट्टेने जे गाणे थांबले नाही, ते आपल्याच लोकांनी धान्य न घातल्यामुळे थांबले. नहेम्याने अधिकाऱ्यांना फैलावर घेतले आणि गाणाऱ्यांना पुन्हा त्यांच्या ठिकाणी आणून उभे केले.

आपल्या गायनमंडळांतील बहुतेक लोक मोलमजुरी करणारे आहेत. मेळ्याचा एक दिवस आणि येण्याजाण्याचा अर्धा, म्हणजे दीड दिवसाचा रोज बुडतो. म्हणून सभेने ठरविले आहे की सुगीच्या अर्पणातून प्रत्येक मंडळीने एक पायली ज्वारी वेगळी काढावी; तीतून ज्यांचा रोज बुडेल त्यांच्या घरी धान्य पोहोचविले जाईल, आणि कोणाला किती दिले हे मंदिरात वाचून दाखविले जाणार नाही. दूरच्या तीन वस्त्यांकरिता गाडीचे भाडे यजमान मंडळी देईल. त्या जुन्या भागातील म्होरक्यालाही मी निरोप धाडिला आहे. तो येईन म्हणाला आहे, मृदंगासह. विस्तव व कणीक मांडवाच्या दाराशी तयार ठेवावी, असे यजमानांस कळविले आहे. मृदंग जुळेपर्यंत गाण्यास आरंभ करावयाचा नाही.